सुमनच्या कार्डावरचं 'तेच चालू'

संपादक फोनवर म्हणाले, "सिस्टर, एवढी वर्षं मनोरुग्णांत काढलीत, दिवाळी अंकासाठी काही हृद्य आठवणी लिहा." हृद्य आठवणी माझ्याजवळ आहेत, नाही असं नाही. एक बरा झालेला म्हातारा दर हिवाळ्यात माझ्यासाठी हुरडा घेऊन यायचा, त्याच्यावर चार पानं सहज होतील. पण निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी भाजी निवडता निवडता जे आठवतं, त्यानं माझं डोकं भडकतं. नवरा म्हणतो, "सोड आता." सोडता आलं असतं तर लिहायला कशाला बसले असते? ज्यांना गोड वाचायचं आहे त्यांनी पुढच्या पाककृतींकडे जावं.

मी परिचारिका होते. नोकरीची शेवटची चौदा वर्षं परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात, मनोविकारांच्या खोलीत गेली. खोली म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि दोन बाकडी. मनोविकारांचे डॉक्टर परभणीहून महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी यायचे. बाकीचे दिवस मी एकटी. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या द्यायच्या, महिन्याची सुई टोचायची, जो आला नाही त्याला फोन करायचा आणि प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या. पुष्कळदा दोन ओळीही नसायच्या. पेशंट ठीक असला की आम्ही दोनच शब्द लिहायचो : 'तेच चालू'. म्हणजे मागच्या वेळच्या गोळ्या तशाच द्या.

बाहेरच्या लोकांना वाटतं, अशा खोलीत आरडाओरडा चालत असेल. उलट आहे. तिथे फार शांतता असते. जो ओरडतो, कपडे फाडतो, त्याला घरचे चार दिवसांत आणतात. जो गप्प बसतो त्याला तीन-चार वर्षांनी आणतात, आणि आणतात तेही शिव्या देत. आजाराचं नाव कुणी घेत नाही. "आळशी झालाय." "कामचोर हाय." "खायाला उठतंय, कामाला उठत न्हाई." चौदा वर्षं मी हे ऐकलं आणि चौदा वर्षं माझ्या कपाळाची शीर उडत राहिली.

मला या शब्दाचा राग पुस्तकातून आलेला नाही. माझी आई लोकांच्या रानात निंदायला जायची. आमच्या वस्तीतल्या बाया सकाळपासून वाकलेल्या असायच्या आणि मालक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री धरून उभा राहायचा. तिथून तो ओरडायचा, "कामचोर हायत सगळ्या." उभा माणूस वाकलेल्या बाईला कामचोर म्हणतो, हे मी सात वर्षांची असताना पाहिलं. पुढे आईच्या धाकानं शिकले आणि नर्सिंगला गेले, अंगावर पांढरा कोट आला, पण तो आवाज कानातून गेला नाही.

चुडाव्याकडचे एक गुरुजी होते. त्यांना बायको घेऊन आली. म्हणाली, "शाळंला निघतात, एक बूट घालतात अन् बसून ऱ्हातात. दोन-दोन तास. मी हाका मारून बेजार." शाळेनं नोटीस दिली होती, मेहुण्यानं खडसावलं होतं, कुणीतरी गंडा बांधला होता. मी गुरुजींना विचारलं, "दुसरा बूट का घालत नाही तुम्ही?" त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तो लय लांब होता, सिस्टर."

बूट त्यांच्या पायाजवळच असायचा. पण ते खोटं बोलत नव्हते. डॉक्टरांनी त्या दिवशी पेशंट संपल्यावर मला पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं, आणि ते समजलं तेव्हापासून माझा राग आणखी वाढला.

मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. हल्ली मोबाइलवर जो उठतो तो त्याला आनंदाचं रसायन म्हणतो. पण त्याचं मोठं काम आनंद मिळण्याच्या आधी असतं. समोर काहीतरी हवंसं आहे, त्यासाठी कष्ट घेणं परवडेल का याचा अंदाज करायचा, उठायचं, हात लांब करायचा, सुरुवात करायची, या सगळ्याला ते लागतं. ते कमी पडलं की माणसाला गूळ गोडच लागतो, पण गुळाच्या डब्यापर्यंत जाणं होत नाही. दुसरं रसायन नॉरअॅड्रेनालिन. मेंदूच्या बुडाशी एक बारीकसा निळसर ठिपका आहे, तिथे ते तयार होतं. चढ लागला, ओझं उचलायची वेळ आली, संकट अंगावर आलं की ते माणसाला खडबडून जागं करतं आणि अंगातला जोर गोळा करून देतं. गुरुजींच्या आजारात यातलं काही ना काही बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "हे मी फारच सोपं करून सांगतोय, आत मोठी गुंतागुंत आहे आणि सगळं अजून कुणालाच कळलेलं नाही." तेवढं मीही इथे सांगून ठेवते. गुरुजी दोन-अडीच महिन्यांत गोळ्यांनी सावरले आणि शाळेत जायला लागले. ज्यांनी नोटीस दिली होती त्यांनी नंतर चकार शब्द काढला नाही.

एकदा बोरीचे एक गृहस्थ आले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता आणि पहाटे पळायला उठत नव्हता. गृहस्थांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं होतं. म्हणाले, "डोपामिनचं सलाइन हाय का तुमच्याकडं? एक लावून द्या पोराला." मी म्हणाले, "आधी मुलाला घेऊन या, त्याच्याशी बोलू." तर म्हणतात कसे, "त्याला कामून? त्याला सांगायचंच न्हाई. शक्तीचं हाय म्हनून लावू." मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

हे हसण्यावारी नेता येतं. पण दवाखान्यात एकदा कोट घातलेले एक व्याख्याते आले. आम्हा कर्मचाऱ्यांना प्रेरणा द्यायला. "ऊर्जा बाहेर नसते," ते ओरडत होते, "ठरवा आणि उठा!" गोळ्यांसाठी थांबलेले माझे दोन पेशंट मागे भिंतीला टेकून ते ऐकत होते. त्यातला एक रोज ठरवत होता, अडीच वर्षं. मी खुर्ची सरकवून बाहेर गेले, आणि मुद्दाम आवाज करून सरकवली. मेंदूतलं कमी-जास्त हे साखरेच्या किंवा थायरॉइडच्या आजारासारखंच असतं, हे कळायला शिकलेल्या माणसांना एवढं जड का जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता सुमनचं सांगते. इतका वेळ मी इकडचं तिकडचं सांगत बसले, कारण तिचं सांगायचं म्हणजे मला स्वतःबद्दल सांगावं लागतं.

सुमन राणीसावरगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवरा दत्ता, सासू पार्वतीबाई आणि पाच वर्षांची एक मुलगी. दर वर्षी दिवाळी झाली की हे घर ऊसतोडीला जायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तोडीच्या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं ऊस तोडायचा, तिनं साळायचा, म्हणजे पाला सोलायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि गाडीपर्यंत न्यायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम तोंड वाकडं करूनच टोळीत घेतो.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सुमनला आवाज ऐकू यायला लागले. झोप गेली. ती रानात धावत सुटायची, आपल्याला कुणीतरी मारायला आलंय म्हणायची. दत्तानं तिला आठ दिवसांत आणलं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. गोळीचं नाव मी लिहीत नाही, कारण हे वाचून कुणीतरी घरातल्या माणसाची गोळी उद्या बंद करेल. गोळी वाईट नाही. तिनं सुमनचे आवाज तीन आठवड्यांत थांबवले.

ही गोळी मेंदूत डोपामिनला अडवते. सुरुवातीला आजार जोरात असतो म्हणून डोसही मोठा असतो. पुढे पेशंट शांत झाला की डॉक्टर त्याला तपासून हळूहळू तो खाली आणतात. कारण डोस जास्त राहिला तर जे अडवायचं नाही तेही अडतं : चालणं, हात हलवणं, चेहऱ्यावरचं हसू, सकाळी अंथरुणातून उठणं. अंग ताठरू नये म्हणून सोबत एक बारीक पांढरी गोळी देतात.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. तोडीला जाणाऱ्या पेशंटला आम्ही हंगामाची पुडी द्यायचो. पाच-सहा महिने तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात उसाच्या फडावर असणार, तिथे कोण बघणार त्याला? म्हणून निघतानाच सगळ्या गोळ्या बांधून द्यायच्या. त्या वर्षी दिवाळीच्या धामधुमीत डॉक्टरांची फेरी झालीच नाही. टोळीचा ट्रक दोन दिवसांत निघणार होता. माझ्या टेबलासमोर तोडीला निघालेल्यांची रांग लागली होती. मी सुमनचं कार्ड काढलं, मागची ओळ पाहिली आणि खाली लिहिलं, 'तेच चालू'. तिच्याकडे मान वर करून पाहिलं असेन की नाही, आठवत नाही. पांढरी गोळी कपाटात संपली होती, ती बाहेरून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. आणि लाल पेनानं, सगळ्यांच्या कार्डावर लिहायचे तसं, मोठ्या अक्षरात लिहिलं : 'विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये.' दत्ताकडून ते तीनदा म्हणवून घेतलं.

चैत्रात एका सोमवारी पार्वतीबाई, दत्ता आणि सुमन आले. पार्वतीबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, "बाई, एक कागद पायजे. ही कामाची न्हाई, डोक्यानं गेलेली हाय, असं लिहून द्या."

"कशाला हवा कागद?"

"रविवारी बैठक हाय. फारकत करायची. हिचा भाऊ येनार हाय न्यायला."

"आणि मुलगी?"

"पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल. हिच्याच्यानं सोताचं तोंड धुनं होईना, पोर काय सांभाळती?"

दत्ता खाली बघत होता. तसाच म्हणाला, "पुढच्या हंगामाला कोयता लागतोय, सिस्टर. अर्ध्या कोयत्यानं घर चालत न्हाई." लग्नासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, हे त्यानं सांगितलं नाही, पण पार्वतीबाईंनी सांगून टाकलं.

सुमन बाकड्यावर बसली होती. तिच्या गालावर माशी बसली, ओठाच्या कडेपर्यंत चालत गेली, आणि सुमननं हात उचलला नाही. चेहरा कोरा. पापण्या हलत नव्हत्या. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती.

"ढोंग करायलीय," पार्वतीबाई म्हणाल्या. "पुऱ्या हंगामात एक मोळी धड बांधली न्हाई. उभी केली की उभी, बसवली की बसली. मुकादम शिव्या देऊन दमला. ह्यानं हात बी उचलला एक-दोनदा. पर मी तोंडात गूळ घातला की हसती. म्हंजे गोड कळतंय, काम तेवढं कळत न्हाई! अन् एक दिस काय झालं इचारा ह्याला."

दत्तानं सांगितलं. फडावर मुलगी उसाच्या गाडीमागे सावलीला झोपली होती. बैल बुजले आणि गाडी मागे यायला लागली. सगळे ओरडले, आणि दिवसभर दगडासारखी बसलेली सुमन एका झेपेत उठली, मुलीला ओढून बाजूला घेतलं आणि परत तशीच बसली. "तवापासून समदे म्हनायलेत," दत्ता म्हणाला, "पळाया येतंय तर काम कामून येत न्हाई?"

मी उठले आणि सुमनचा हात कोपरात धरून वाकवून पाहिला. तो सरळ वाकेना. थांबत थांबत, अडकत अडकत वाकला. दुसराही तसाच. मी दत्ताला विचारलं, "पांढरी गोळी घेतली होती का?"

"ती तिकडं मिळाली न्हाई. पर तुमची मोठी गोळी एक दिस चुकू दिली न्हाई, सिस्टर. तुमी लाल पेनानं लिवलं व्हतं ना." त्यानं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. माझंच अक्षर होतं.

पाच महिने. पाच महिने त्या बाईच्या मेंदूतला उठण्याचा रस्ता मी बंद करून ठेवला होता, आणि त्यासाठी तिनं शिव्या आणि मार खाल्ला. गूळ गोड लागत होता म्हणून ती हसत होती, आणि ते हसणं तिच्याविरुद्ध पुरावा ठरलं. लेकीवर गाडी आली तेव्हा आतून दुसरा जोर धावून आला, तोही पुरावा झाला. मी खुर्चीत बसले. लाज होती, पण त्याहून राग जास्त होता. माझ्यावर, त्या चुकलेल्या फेरीवर, अख्ख्या तालुक्याला महिन्यातून एक दिवस डॉक्टर पुरतो असं ठरवणाऱ्यांवर, रिकाम्या कपाटावर, माणसं कोयत्यात मोजणाऱ्या धंद्यावर, हात उचलणाऱ्या दत्तावर. आज लिहितानाही तो राग उतरलेला नाही.

मी डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी डोस पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाले, "डोस आजपासून निम्मा करा, पांढरी सुरू करा, आणि परवा तिला परभणीला माझ्याकडे पाठवा. ती फेरी चुकायला नको होती, सिस्टर." पांढरी गोळी मी स्वतः दुकानातून आणली. पार्वतीबाईंना कागद दिला नाही. त्या पुटपुटत गेल्या, पण बुधवारी दत्ता तिला परभणीला घेऊन गेला.

रविवारी मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून वस्तीवर गेले. शाळेच्या ओट्यावर वीसेक माणसं जमली होती. दत्ताचे चुलते किसनराव बोलत होते. सुमन एका कडेला भावाजवळ बसली होती, आणि तिची पिशवी भरून ठेवलेली होती.

मी म्हणाले, "मला दोन मिनिटं बोलू द्या. ही आळशी नाही, ढोंगी नाही. हिला असं मी केलंय." आणि सांगितलं सगळं. गोळीचं, डोसचं, माझ्या दोन शब्दांचं.

किसनरावांनी विचारलं, "मंग पोरीकडं कशी पळाली?"

"काका, लंगडा माणूससुद्धा साप दिसला की उडी मारतो. म्हणून त्याचा पाय बरा आहे असं म्हणता का तुम्ही?"

"म्हंजे चुकी तुमची."

"हो, माझी."

"असं कुनी दवाखान्यातलं कबूल करत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. किसनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं. पर आमाला सांगा, ही परत कामाची व्हनार का न्हाई? तेवढंच बोला."

मला तेव्हा फक्त एक दिसत होतं : ती भरलेली पिशवी, आणि मुलगी मागे राहणार. मी घाईनं म्हणाले, "होईल. पोळ्यापर्यंत थांबा. यंदाच्या हंगामाला ती कोयत्याला उभी राहील, हा माझा शब्द." किसनरावांनी मान हलवली. बैठक उठली. भाऊ पिशवी तिथेच ठेवून एकटा परत गेला. येताना मोटारसायकलवर मी नवऱ्याला म्हणाले, "वाचवली."

पुढचे महिने डॉक्टरांनी तिला दर खेपेला स्वतः तपासलं आणि डोस एकेक पायरी खाली आणला. आवाज परत आले नाहीत. वैशाखात तिच्या चेहऱ्यावर हालचाल यायला लागली. ज्येष्ठात एका मंगळवारी मी टेबलावर बिस्किटं ठेवली होती, कुणाला घे म्हटलं नव्हतं. सुमननं हात लांब करून एक उचललं, निम्मं मोडून लेकीला दिलं आणि निम्मं स्वतः खाल्लं. मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले, कारण पेशंटसमोर रडायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं. पोळ्यापर्यंत ती सोयाबीनच्या निंदणीला जायला लागली होती. पार्वतीबाई भेंडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "लय कामाची झाली बाई. पयल्यापरीस चांगली." मी फुगले. खोटं कशाला सांगू, सहकाऱ्यांना दोन-दोनदा सांगितलं.

दिवाळीनंतरच्या मंगळवारी पार्वतीबाई, दत्ता आणि सुमन मुलीला घेऊन परत आले. त्या मंगळवारनंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते. दत्ता त्या वर्षी अर्धा कोयता म्हणून गेला. सुमन लेकीला घेऊन वस्तीवर राहिली. दुसऱ्या लग्नाची बोलणी थांबली की लांबली, ते मला कुणी सांगत नाही, कारण सिस्टरनं सून बिघडवली असं तिकडे म्हणतात आणि बैठकांना मला बोलावत नाहीत. म्हणू देत. मला लिहायचं आहे ते त्या मंगळवारच्या दहा मिनिटांबद्दल.

पार्वतीबाई म्हणाल्या, "परत बिगाडली. गोळी वाढवून द्या."

डॉक्टर समोरच होते. त्यांनी सुमनला एकेक विचारलं. झोप लागते का? लागते. आवाज? न्हाई. कुणी मारायला येतंय असं वाटतं? न्हाई. जेवण, अंघोळ, काम? समदं करते. डॉक्टरांनी पार्वतीबाईंकडे पाहिलं. "मग बिघडलंय काय?"

"तोडीला येत न्हाई म्हनायली."

"पयले कदी असं बोलली न्हाई, सर," दत्ता म्हणाला. "आवाज यायलेत का बगा ना तिला परत. ट्रक शनिवारी निघतोय."

डॉक्टर पेन खाली ठेवून म्हणाले, "दत्ता, हा आजार नाही. गोळी वाढवायची नाही." एवढं झाल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. चौदा वर्षं मी याच एका गोष्टीवर लोकांशी भांडले होते. माणसाला काही हवंसं किंवा नकोसं वाटणं हेच जिवंतपणाचं लक्षण आहे, असं मी प्रत्येक नातेवाइकाला सांगायचे. आणि माझ्याच तोंडून गेलं, "अगं सुमन, असं कसं? मी बैठकीत सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिनं लेकीच्या केसांतला सुटलेला रिबनचा फास आधी नीट बांधला आणि मग म्हणाली, "पोरगी शाळंत जायलीय, सिस्टर. तिला घेऊन मी हितंच ऱ्हानार, रोजानं जाईन. मला ऊस नको."

"पण मी शब्द..."

"शब्द तुमी दिलता. मी तितंच बसलेली व्हते, भावाजवळ. मला समदं ऐकू यायलं व्हतं. तुमी मला इचारलं व्हतं का?"